बोट ठरवताना समुद्राला विचारू नये

गोव्यात स्वतंत्र बोट करून दिवसभर बेटं फिरायची असतील, तर पहिलं काम बोट शोधण्याचं नाही, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढण्याचं. निदान बावीस जण आत घ्या आणि तारीख ठरेपर्यंत एकालाही बाहेर पडू देऊ नका. बोट किती माणसांची, हे इतक्यात विचारू नये. परवान्यात आकडा असतो, होडीच्या अंगावर तो रंगवलेलाही असतो, पण तो परक्यांसाठी. आपल्यात मुलं अर्धी धरतात, आणि काकू तर अंगाने तशी बारीकच आहे.

मग नकाशा उघडा. मोबाइलवर गोव्याची सगळी बेटं एका अंगठ्याखाली मावतात. माझ्या पुण्याच्या भाच्याने त्या अंगठ्याच्या भरवशावर एक्सेलमध्ये बेत आखला : ९ वाजता दिवाडी, ११ वाजता ग्रँड आयलंड, १ ला जेवण, ३ ला अंजदीव, ५.३० ला धक्क्यावर परत. आता दिवाडी मांडवी नदीच्या पोटात. ग्रँड आयलंड मुरगावच्या टोकाबाहेर, खुल्या समुद्रात. आणि अंजदीव कागदोपत्री गोव्याचं असलं तरी पार खाली कारवारसमोर, शिवाय नौदलाच्या ताब्यात. मी हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, तू फार निगेटिव्ह बोलतोस." १४९८ मध्ये वास्को द गामाही अंजदीवला थांबला होता. त्याला वेळ लागला, कारण त्याच्याकडे एक्सेल नव्हतं.

तारीख निवडताना पंचांग जरूर पाहावं, पण फक्त सणापुरतं. आम्ही नाताळाच्या सुट्टीतली दत्तजयंती धरली. दिवस शुभ, शिवाय परतताना पौर्णिमेचा चंद्र. किनाऱ्यावरची माणसं त्याच पंचांगातून भलतंच काहीतरी काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचच्या सुमारास ओहोटी, आणि पौर्णिमेला उधाण असल्यामुळे पाणी चढतंही जास्त, उतरतंही जास्त. हा हिशेब तिसरीतल्या मुलाला जमतो. म्हणूनच सहल ठरवणाऱ्या मोठ्या माणसांनी त्यात पडू नये.

मी पणजीत राहतो, या एका गुन्ह्यापायी तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी, बोलायचं काम माझ्याकडे आलं. वल्ह्यासारखा सडसडीत माणूस. जाळं शिवता शिवता मान वर न करता म्हणाला, "बाब, सात वरांचेर येयात. मागीर वारो आसता." म्हणजे सातला या, नंतर वारा असतो. दोन वाक्यं. त्यात सगळं होतं. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, वायव्येकडून लाटा उठायला लागतात, आणि सकाळी तासाभरात कापलेलं अंतर परतताना हाडं मोजत कापावं लागतं. मी ते ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं की हॉटेलात नाश्ता साडेदहापर्यंत आहे आणि त्याचे पैसे भरलेले आहेत.

ही गोष्ट मनावर कोरून ठेवा. समुद्राचे पैसे कुणी भरलेले नसतात, नाश्त्याचे भरलेले असतात. तेव्हा थांबायचं कुणासाठी, हे उघड आहे. आम्ही अकराला निघालो. तांडेलाने एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा आमच्या शीतपेटीकडे, आणि इंजिन सुरू केलं. जास्तीचे सहा जण त्याने धक्क्यावरच ठेवले. त्यावरून जे बोलणं झालं ते कुटुंबातलं आहे, इथे लिहीत नाही. दिवाडी आणि अंजदीव तिथेच गळाली.

लाइफ जॅकेट दिलं तर अंगाखाली घ्यावं, फळ्या टोचत नाहीत. अंगावर घातलं तर पैठणीचा काठ दिसत नाही, आणि बोटीवर पैठणी नेसायची ती काठ दिसायलाच.

मांडवीच्या मुखाशी, आग्वाद किल्ल्यासमोर, डॉल्फिन दिसतात. पाठीवर कुबड असलेले, करडे, उथळ पाण्यात राहणारे. त्यांना श्वासासाठी वर यावं लागतं, मुजऱ्यासाठी नाही, हा गैरसमज तुम्ही दूर करावा. पाच-सहा होड्यांनी गोल धरून शिट्ट्या मारल्या की त्यांनाही आपली भूमिका कळते. कुणीतरी "तो बघ!" म्हणताच सगळ्यांनी एकदम एकाच बाजूला धावायचं. होडी कलते, काठ पाण्याला टेकायला येतो, तांडेल "बसात! बसात!" ओरडतो. तेवढ्यात डॉल्फिन दुसऱ्या बाजूला निघतो. मग सगळ्यांनी तिकडे.

बोट लागेल म्हणून घाबरू नका, ती लागतेच. मागच्या अंगाला मधोमध बसून क्षितिजाकडे बघितलं तर थोडी कमी लागते, पण तिथून रील चांगलं येत नाही. नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला बसा, जिथे होडी लाटेवर चढते आणि धाडकन आपटते. मान खाली घालून आधीचं रील एडिट करा. भाचा एडिट करत होता. ग्रँड आयलंड येईपर्यंत हॉटेलचा तो सगळा भरलेला नाश्ता त्याने समुद्राला परत केला, डोशापासून कलिंगडापर्यंत. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून केला, हे मागे बसलेल्यांच्या लक्षात राहिलं.

बेटाच्या आडोशाला पाणी शांत असतं. मासे दिसतात, मुलं गळ टाकतात, दत्तजयंतीचा उपास असलेले साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडतात आणि नसलेले त्यांच्यासमोर तळलेला बांगडा खातात. ड्रोन मात्र इथे अवश्य काढा. पलीकडे दाबोळीला नौदलाचा विमानतळ आहे, त्यांनाही आपली सहल बघायला आवडेल. आमचा ड्रोन तांडेलाने पिशवीतून बाहेर येऊ दिला नाही. कसा, तर तो पिशवीवर बसला.

तीनला तो म्हणाला, निघू या. आम्ही चारला निघालो, कारण ग्रुप फोटोत एक जण डोळे मिटत होता. वारा आता पुरता अंगावर आला होता. प्रत्येक लाटेला बादलीभर पाणी आत, पैठणीचा काठ खरोखरच दिसेनासा झालेला. खाडीत शिरलो तेव्हा सहा वाजत आले होते आणि पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण धक्क्याच्या पायरीपासून वीस-पंचवीस हात अलीकडे. मध्ये काळा, चकाकणारा चिखल, त्यावर खेकडे. पूर्वेला चंद्र उगवला होता, अगदी एक्सेलमध्ये लिहिल्याप्रमाणे. पोटरीपर्यंत चिखल तुडवत, शीतपेटी डोक्यावर घेऊन आम्ही किनाऱ्याला लागलो. भाच्याची एक चप्पल आजही तिथे आहे. "जेटी आधीच खोल करायला नको का ह्यांनी?" तो म्हणाला. तांडेल होडी नांगरत होता, त्याने ऐकलं नसावं.

दुसऱ्या दिवशी काकूने जाहीर केलं की ती आता पाण्यात पाय घालणार नाही. म्हणून तिला पणजीजवळ रायबंदरला नेलं, चोडण बेटाच्या फेरीबोटीवर. हा प्रकार तुम्ही टाळा. तिथे शीतपेटी नाही, नाश्त्याची वाट बघत नाहीत, आणि नारळ, स्कूटर, शाळेची मुलं यांच्यात उभं राहून फोटो काही वेगळे येत नाहीत. काकू दहाची नोट मुठीत धरून उभी होती. चालत चढणाऱ्याला तिकीट नव्हतं, हे तिला पटेना. फळी चोडणच्या काठाला टेकली, माणसं उतरायला लागली, तशी ती कठड्याला धरून तिथेच थांबली.

"उतरायचंय कशाला?" म्हणाली. "ही परत जाते ना?"