नव्या गाडीचा वास आणि आपला उन्हाळा

पाडवा आणि अक्षय्य तृतीया, दोन्ही मुहूर्त ऐन उन्हाच्या तोंडावर. मराठवाड्यात या मुहूर्तांवर कितीतरी दारांत नवी चारचाकी येते आणि पुढे कित्येक महिने सीटवरच्या प्लास्टिकसकट फिरते. बघायला आलेला पाहुणा आत डोकं घालून लांब श्वास घेतो आणि खूश होतो. मला या वासाचं कौतुक कळत नाही.

डॅशबोर्डचं प्लास्टिक, सीटचा फोम, रेक्झिन, कार्पेट आणि हे सगळं चिकटवणारा गोंद यांतून सुटणारी रसायनं म्हणजे हा वास. टोल्युईन, झायलीन, स्टायरीन, थोडं बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड. यातल्या शेवटच्या दोघांची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली आहे. 'गाडीत बसताच एसी लावला की कॅन्सर' हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज मात्र फेकाफेकी आहे. किती प्रमाणात आणि किती वेळ, यावर सगळं ठरतं.

पण हे प्रमाण वाढतं कशाने? उष्णतेने. आणि तिची आपल्याकडे कमी नाही. परभणी-नांदेडला बाहेर ४३ अंश असताना काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी तासाभरात आतून ६० च्या पुढे जाते, डॅशबोर्ड त्याहून जास्त. अमेरिकेत १०१ गाड्यांच्या आतली हवा तपासली, तो अभ्यास २०२४ साली छापून आला. फोम पेटू नये म्हणून घालतात त्यातलं टीसीआयपीपी नावाचं रसायन ९९ टक्के गाड्यांत सापडलं, आणि अशा रसायनांचं प्रमाण उन्हाळ्यात हिवाळ्याच्या दोन ते पाच पट निघालं. तो तिकडचा उन्हाळा, बरं का.

यावर आपला उपाय काय, तर सेंटची बाटली! वास दबतो, रसायन जिथल्या तिथे, वर सेंटमधलं आणखी. प्लास्टिक काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "राहू द्या की भाऊ, पोरं सीट घाण करायलेत." अहो, सीट पुसता येते.

आणि माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. सोयाबीन-कापसाच्या दिवसांत कृषी केंद्रातून घेतलेलं फवारणीचं औषध सरळ डिकीत जातं. हॅचबॅक असो की मोठी सात सीटची, डिकी आणि बसायची जागा एकाच हवेत असते, मधे फक्त सीटची पाठ. बाटलीचं झाकण जरा ढिलं असलं की संपलं. त्याच गाडीत, त्याच दुपारी लेकरांना शाळेतून आणतात. नव्या गाडीच्या वासापेक्षा मला याची भीती जास्त वाटते. औषध आणायला टेम्पो बघा, नाहीतर टपावर घट्ट बांधा, पण आत नको.

चीनने २०११ मध्ये गाडीतल्या हवेसाठी बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड वगैरेंच्या मर्यादा लिहून काढल्या. दक्षिण कोरियाने त्याआधीच. आपण शोरूममध्ये मायलेज विचारतो, सनरूफ उघडून बघतो, कर्जाचा हप्ता घासाघीस करून कमी करतो. आतल्या हवेबद्दल एक प्रश्न नाही. वाळूज-शेंद्र्यासारखे वाहन उद्योगाचे पट्टे आपल्याच छत्रपती संभाजीनगरात आहेत, तेव्हा हा प्रश्न सगळ्यात आधी मराठवाड्यातल्या गिऱ्हाइकाने विचारला तर शोभेल.

तोवर एवढं करा. उन्हातली गाडी चालू करायच्या आधी चारही दारं दोन मिनिटं उघडी टाका, निघाल्यावर सुरुवातीला काचा खाली. उसाच्या किंवा डिझेलचा धूर सोडणाऱ्या ट्रकमागे अडकलात तर आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, पुढे रस्ता मोकळा झाला की बंद करा. गाडीत पाच जण कोंबलेले असताना ते बटण तासभर दाबून ठेवलं तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ड्रायव्हरला जांभया सुरू होतात. आणि एसीचा फिल्टर बदलताना मेकॅनिकला कोळशाचा थर असलेला मागा. साधा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही.