0 ते 35 अंशांतलं वाचन

ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचाय म्हटल्यावर भाच्यानं माझी मुलाखतच सुरू केली. "मामा, तुम्ही नेमकं वाचता काय? आणि कसं?" मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीही इतकं खोदून विचारलं नव्हतं.

तर मी वाचतो जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, आणि वाचतो आडवं होऊन. इथंच सगळं घोडं अडलं. सहा इंची यंत्र हलकं, दोनशे ग्रॅमच्या आसपास. ईपब, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांची पुस्तकाची फाइल, असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नीट लागतात. पण स्कॅन म्हणजे शेवटी फोटोच. मोठा केला की अर्धी ओळ पडद्याबाहेर. नायिका डावीकडं रडते, ती कशापायी हे बघायला उजवीकडं सरकावं लागतं. दहा इंचीत पान आख्खं मावतं, पण वजन चारशे ग्रॅमच्या वर. दुपारी भाकरी खाऊन पडलेल्या माणसाला डुलकी लागली की ते थेट नाकावर. भाचा म्हणतो, "मग बसून वाचा ना." ह्याला सल्ला म्हणतात!

पुढं आयपीएक्स8, म्हणजे यंत्र पाण्यात किती टिकतं त्याचा दर्जा. गोड्या पाण्यात 2 मीटर खोल तासभर टिकतं म्हणे. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या मुलखात मी वाचनासाठी 2 मीटर पाणी कुठून साठवू? आमचं दुखणं धुळीचं. आणि त्या नावातला एक्स म्हणजे धुळीबद्दल काहीच दावा नाही.

ह्या यंत्राच्या पडद्यावरचं ई-इंक मात्र मनापासून पटलं. काळे-पांढरे कण विजेच्या इशाऱ्यावर खालीवर होतात आणि पान उलटेपर्यंत तिथंच बसून राहतात. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, म्हणून चार्जिंग कित्येक दिवस पुरतं. लाइट गेली तरी फिकीर नाही. उन्हात मोबाइलवर आपलंच तोंड दिसतं, इथं अक्षर उलट ठसठशीत.

घ्यायचं नक्की करून बारीक अक्षरातलं माहितीपत्रक उघडलं. वापरासाठी तापमान : 0 ते 35 अंश.

परभणीचा मे महिना. पारा 42 च्या पुढं. 35 तर आमच्याकडं सकाळच्या दुसऱ्या चहालाच येऊन बसतं. म्हणजे भर दुपारी, माझ्या वाचनाच्या वेळेला, यंत्राला गारव्यात ठेवणं आलं. गारवा घरात एकाच ठिकाणी.

बायको इतका वेळ गवारीच्या शेंगा मोडत ऐकत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग कूलरपुढं कोण झोपणार? तुम्ही का ते?"