गणवेश असा बेता की बसताच येऊ नये

विज्ञानकथेतल्या अंतराळवीरांना गणवेश शिवायला निघालात? मग आधी खिसे कापून टाका. पुढच्या शतकांतल्या माणसाजवळ ठेवण्यासारखं काही नसतंच, आणि खिशांनी कंबर जाड दिसते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरची माणसं मांड्यांवर खिसे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या लावून वावरतात, कारण सोडलेलं पेन तरंगत जाऊन हवा ओढणाऱ्या एखाद्या जाळीला चिकटतं. तुमच्या यानात काही हरवत नाही. पटकथेत लिहिलेलंच नसतं.

सूट एकसंध हवा, मानेपासून घोट्यापर्यंत, आणि चेन पाठीमागे. शौचाला जायचं कसं, हे विचारणारे लोक तुमचे प्रेक्षक नव्हेतच. १९६१ साली पहिला अमेरिकी अंतराळवीर ॲलन शेपर्ड याचं उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं, म्हणून सूटमध्ये लघवीची सोय ठेवली नव्हती. पण यान सुटायलाच तासन्‌तास उशीर झाला आणि अखेर त्याला सूटमध्येच मोकळं व्हावं लागलं. तुमचा प्रवास वीस वर्षांचा आहे, तेव्हा एवढ्या बारीकसारीक गोष्टीत कशाला शिरायचं?

माप जमिनीवरच घ्या आणि तसूभरही सैल सोडू नका. वजनविरहित अवस्थेत पाठीचा कणा ताणला जाऊन उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढू शकते. १८० सेंटिमीटरच्या माणसाची पाचेक सेंटिमीटर. ही वाढ एकसंध सुटात नेमकी कुठे काचते, ते तुमच्या नायकाला कळेल. तुम्हाला कळायची गरज नाही. तिथे शरीर आपोआप गुडघे-कोपरं वाकवून, हात पुढे काढून तरंगतं म्हणे. तुमच्या गणवेशाने त्याला सावधानमध्ये उभं करावं.

बूट गुडघ्यापर्यंतचे, टाचा उंच. स्थानकावरचे लोक मोज्यांवरच फिरतात आणि पाय दांड्यांखाली अडकवून काम करतात. त्यामुळे तळव्यांचे घट्टे जातात आणि पावलांच्या वरची कातडी राठ होते. हे कॅमेऱ्यात वाईट दिसेल.

हेल्मेटच्या आत दिवे लावा, थेट तोंडावर. घालणाऱ्याला बाहेरचं काही दिसणार नाही, पण प्रेक्षकाला नट दिसेल, आणि मानधन कुणाच्या तोंडाचं दिलंय? खऱ्या हेल्मेटवर दिवे बाहेरच्या बाजूला असतात आणि उन्हासाठी सोन्याचा पातळ मुलामा दिलेली काच चेहरा झाकते. व्यवसायाची जाण नसलेले लोक.

रंग काळा, शक्यतो चामडं. अमेरिकेच्या स्पेस शटल यानांचे अंतराळवीर उड्डाणाला भडक नारिंगी सूट घालत, समुद्रात पडले तर शोधणाऱ्यांना दिसावेत म्हणून. काळ्या अवकाशात काळ्या सुटातला माणूस हरवला तर रहस्य वाढतं.

बायकांचा गणवेश पुरुषांचाच, फक्त दोन मापं तंग. काम तेच, श्वास कमी. खऱ्या जगात मापाचा घोळ होत नाही असं नाही: मार्च २०१९ मध्ये दोघी जणींचा पहिला अवकाशपदभ्रमणाचा बेत बदलावा लागला, कारण सुटाचा मध्यम मापाचा एकच धडाचा भाग वापरायला तयार होता. तो बेत ऑक्टोबरमध्ये पार पडला. तुमच्याकडे ही अडचण यायची नाही. सगळ्या नायिकांचं माप एकच असतं.

कपडे पांढरेशुभ्र ठेवा. स्थानकावर धुलाई यंत्र नाही. कपडे दिवसच्या दिवस घालून शेवटी मालवाहू यानात कोंबतात आणि ते यान वातावरणात जळून जातं. तुमच्या कथेत घाम हा प्रकारच नसतो.

आणि या सगळ्याला आधार लागलाच, तर ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या टीव्ही मालिकेचा द्या. १९८७ मध्ये नटांना इतक्या तंग स्पँडेक्समध्ये कोंबलं की पाठी दुखू लागल्या. पुढे मुख्य पात्रांना लोकरीचा दोन भागांतला गणवेश मिळाला. तो बसता-उठताना वर सरके, म्हणून कप्तान पिकार्ड उठला की अंगरखा खाली ओढायचा. चाहत्यांनी त्या ओढण्याला ‘पिकार्ड मनूव्हर’ असं नावही दिलं. तुमच्या कप्तानालाही खाली ओढायला काहीतरी शिवून द्या.