'एक श्रोता' यांस: 'जेन डो', किंकाळ्या आणि तुमची पट्टी

'एक श्रोता' यांस,

कन्व्हर्ज या अमेरिकन बँडच्या 'जेन डो' या अल्बमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शब्द कळत नाहीत तिथे भावना कसली? ज्यांना सूर लागत नाही ते किंचाळतात आणि ज्यांना गाणं कळत नाही ते त्यावर लेख पाडतात." पुढे इमो (भावनांवर भर देणारा रॉकचा प्रकार) म्हणजे डोळ्यांत काजळ घातलेली पोरं, हे सगळं अमेरिकेचं उष्टं, आणि शेवटी, "घरचे कसं सहन करतात?"

लेख 'पाडतात' काय! अहो, अल्बम आवडला नाही तर नाही म्हणा, कोण अडवतंय? पण खरं नाव न लावता असं खेकसायचं आणि वर स्वतःला श्रोता म्हणवायचं, ही कुठली रीत? एक मात्र मान्य करतो. लेखात 'थोर' हे विशेषण जरा सढळ हाताने पडलंय, दोन-तीन कमी चालली असती. झालं समाधान?

आता तुमचं ते शब्दांचं. माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. सवाई गंधर्वच्या मांडवात मी त्यांच्या मांडीवर पेंगत मोठा झालोय. तेव्हा गाणं कळत नाही हे निदान मला सांगू नका. विलंबित ख्यालात बंदिशीचे किती शब्द तुमच्या कानी पडतात? खरं सांगा. अर्धे गवई चावतो, उरलेले आलापात विरतात, आणि तरी आपण मान डोलावतो, कधी डोळेही पुसतो. तिथे कुणी शब्दांचा हिशेब मागत नाही. बॉस्टनच्या बाजूची पाच पोरं गायला लागली की मात्र लगेच मागायचा!

या अल्बमचे शब्द गायक जेकब बॅननने एक नातं तुटल्यावर लिहिलेत. ते कळले नाहीत तरी काय तुटलंय ते कळतं. 'कॉन्क्युबाइन' हे पहिलं गाणं जेमतेम सव्वा मिनिटाचं, श्वास घ्यायलाही उसंत देत नाही. 'हेल टू पे' संथ, बासच्या जोरावर सरपटणारं. 'फिनिक्स इन फ्लाइट' जड पावलांनी चालतं आणि त्याला लागूनच 'फिनिक्स इन फ्लेम्स' येतं. ते पाऊण मिनिटही टिकत नाही. गिटारचा पत्ता नाही, नुसते बेन कोलरचे ड्रम आणि बॅननचा फाटलेला गळा. त्या गळ्यात सूर नाही, बरोबर. तिथे तो लागला असता तर खोटा वाटला असता. आणि शेवटचं शीर्षकगीत साडेअकरा मिनिटांचं. खाली मेटलचं वजन, वर इमोची हळवी सुरावट, आणि ती जितकी पुन्हा पुन्हा येते तितकी जास्त लागते. तिथवर पोचला होतात का तुम्ही? तुमच्या प्रतिक्रियेवरून तरी पहिल्याच गाण्यात गाशा गुंडाळलेला दिसतो.

हे सगळं बेभान वाटतं म्हणून बेशिस्त समजू नका. गिटार वाजवणारा कर्ट बॅलू मॅथ्यू एलार्डच्या जोडीने निर्मितीलाही बसला होता, मुखपृष्ठावरचा तो चेहरा खुद्द बॅननच्या हातचा. 2001 साली आलेला हा अल्बम पंधरा वर्षांनी, 2016 मध्ये, त्यांनी नेदरलँड्सच्या रोडबर्न महोत्सवात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. नुसत्या किंचाळण्याला कुणी पंधरा वर्षं जपून ठेवत नाही.

काजळाबद्दल: इमोची मुळं 1985च्या आसपासच्या वॉशिंग्टनमधल्या हार्डकोरमध्ये, म्हणजे वेगवान, आक्रमक पंकमध्ये आहेत. तिथला राइट्स ऑफ स्प्रिंग हा बँड ऐका, मग बोलू. उष्ट्याबद्दल: आपल्या नाटकवाल्यांनी हार्मोनियम कुठून आणली, तेही एकदा विचारा.

राहिले घरचे. बायकोला 'हेल टू पे' आवडतं. तुमची प्रतिक्रियाही तिनेच मला आधी मोठ्याने वाचून दाखवली, बॅननच्या पट्टीत. शब्द सगळे कळले.