दोन जणांसाठी म्हणे!

फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून सुकवलेल्या, जेवणाच्या पाकिटावर ‘दोन जणांसाठी’ छापणाऱ्यांना एकदा साताऱ्याहून बामणोलीला न्या, लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्यावर चढवा आणि वर पोचल्यावर तेच पाकीट दोघांत वाटून खायला लावा. दरवेळी तेच! गरम पाणी ओतायचं, तोंड दाबून बंद करायचं, ताटकळत बसायचं आणि वाट्याला येते चार-पाच घास खिचडी. त्यातही तळाच्या कोपऱ्यातले मटार टणकच.

तंत्राबद्दल तक्रार नाही. गोठवलेलं अन्न निर्वात पेटीत ठेवलं की बर्फाची थेट वाफ होते, पाणी जातं, वजन उतरतं. पाठीवर सॅक घेऊन चढणाऱ्याला ते वरदानच आहे. पण पाणी काढा ना, घास कशाला काढता? वासोटा कोयना अभयारण्यात, तिथे जाळ करायला बंदी. म्हणून गरम पाण्याचा थर्मास खालून वाहायचा (तोही वजनच की!), आणि एवढं करून अर्धपोटी उतरायचं? किंमत मात्र दोघांची घेता!

पाकिटावर कॅलरी आणि ग्रॅम ठसठशीत छापा. किती जणांना पुरेल ते आमचं आम्ही ठरवू.