जानकी अम्माल आणि ‘गोड केलेल्या उसा’चा मेसेज

दर वर्षी ४ नोव्हेंबरच्या आसपास, ई. के. जानकी अम्माल यांच्या जन्मदिनी, एक मेसेज फिरत असतो. त्याचा मजकूर साधारण असा: भारतातला ऊस पूर्वी बेचव होता, साखर जावाहून आणावी लागे, केरळच्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी कोइमतूरला आपला ऊस गोड केला आणि देश साखरेत स्वयंपूर्ण झाला. पुढे नेहरूंनी त्यांना बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं, म्हणजे देशातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं, प्रमुख केलं, १९५७ साली पद्मश्री मिळाली आणि केरळमधल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल त्यांनी धरणापासून वाचवलं.

पाठवणाऱ्यांच्या मनात आदर आहे, याबद्दल शंका नाही. पण या मेसेजमध्ये इतरांनी केलेलं काम बाईंच्या नावावर टाकलंय आणि त्यांनी स्वतः जे केलं त्याबद्दल एक ओळही नाही. मला याचाच राग येतो.

आधी ऊस, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. भारतातला ऊस बेचव कधीच नव्हता. गूळ आणि खांडसरी आपल्याकडे शेकडो वर्षं होते आहेत, आणि महाराष्ट्रात पुंड्या उसाची गोडी जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक होती. अडचण उत्तर भारतात होती. तिथले देशी ऊस बारीक, काटक, पण साखरेचा उतारा कमी देणारे. आणि दक्षिणेतले जाड, रसाळ ऊस तिथल्या थंडीत तग धरत नसत. यावर उपाय शोधायला १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. तिथे उसाला तुरा येतो आणि बीही धरतं, म्हणून जागा ती निवडली. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी ‘वेल्लई’ या जाड उसाचा रानटी उसाशी, म्हणजे सॅकॅरम स्पॉन्टेनियमशी, संकर केला. त्यातून ‘को २०५’ (‘को’ म्हणजे कोइमतूर) हा वाण १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती पडला. त्या वेळी जानकी अम्माल विशी-एकविशीत होत्या. कोइमतूरला त्या रुजू झाल्या १९३४ साली. तोवर ‘को’ वाणांनी उत्तरेतलं बरंच क्षेत्र व्यापलं होतं.

जावाच्या साखरेची आयातही एखाद्या वाणाने एकट्याने थांबवली नाही. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, आयात साखरेवर जबर जकात बसली, आणि तीसएक असलेले कारखाने चार-पाच वर्षांत शंभरच्या पुढे गेले. नवे वाण, कारखाने आणि जकात या तिन्हींचा तो परिणाम होता.

मग बाईंनी काय केलं? त्यांनी उसाच्या पेशीत डोकावून पाहिलं. ऊस ही वनस्पती गुणसूत्रांच्या बाबतीत भलतीच गुंतागुंतीची. मक्यात २० गुणसूत्रं असतात. वेल्लईसारख्या जाड उसात ८०. आणि रानटी उसात ठिकाणागणिक आकडा बदलतो, अगदी ४० पासून १२८ पर्यंत. कोवळ्या मुळांच्या टोकांचे पातळ काप घ्यायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांवर चढलेल्या त्या बारीक काड्या मोजायच्या आणि हाताने त्यांची चित्रं काढायची. एका काडीची चूक झाली की पुढचा सगळा निष्कर्ष फसतो. भारतातल्या रानटी उसाचे प्रकार त्यांनी याच पद्धतीने तपासले.

को २०५ चंच उदाहरण घ्या. त्यात ११२ गुणसूत्रं आहेत. आई ८० ची, कोइमतूरचा रानटी बाप ६४ चा. नेहमीच्या हिशेबाने निम्मी-निम्मी, म्हणजे ४० आणि ३२ मिळून ७२ व्हायला हवीत. पण या संकरात आई आपली सगळीच्या सगळी ८० देते आणि बाप ३२. हे गणित कळलं नाही तर पैदास करणारा अंदाजाने चाचपडत राहतो. वाण काढणाऱ्यांना ज्या ज्ञानाची गरज होती, ते ज्ञान बाईंच्या कामातून वाढत होतं. शिवाय उसाचा थेट मक्याशी संकर करून त्याबद्दल त्यांनी १९३८ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं. ज्वारीच्या कुळाशी आणि इतर रानगवतांशीही त्यांनी उसाचे संकर केले. त्यातून साखर वाढली नाही, पण ही सगळी गवतं एकमेकांना किती जवळची आहेत हे उघड झालं. मेसेजमध्ये खरं तर हे असायला हवं होतं.

आणि १९४५ चा तो ग्रंथ! लंडनच्या जॉन इनेस संस्थेत गुणसूत्रांचे अभ्यासक सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश केला. पैदास करणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं हाताशी ठेवला. नंतर इंग्लंडमधल्या विस्लीच्या बागेत त्यांनी मॅग्नोलिया या फुलझाडाच्या रोपांवर कोल्चिसिन या रसायनाचा प्रयोग करून गुणसूत्रं दुप्पट केली, ३८ ची ७६. त्यातल्या एका झाडाला त्यांचं नाव आहे. मेसेजमध्ये हे झाडही नाही.

नेहरूंच्या बाबतीत अर्धं खरं आहे. त्यांच्या आग्रहावरून बाई १९५१ साली परतल्या आणि सर्व्हेची पुनर्रचना करायला १९५२ साली विशेष अधिकारी झाल्या. पुढे अलाहाबादच्या केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. पण १९५४ साली सर्व्हेच्या मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञाचं पद मुंबईच्या सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव यांना मिळालं. सांतापाव मोठे अभ्यासक होते, यात वाद नाही, पण ते क्यू या ब्रिटिश वनस्पती-उद्यानाच्या परंपरेतले. तरी भारतीय वनस्पतींचा अभ्यास लंडनच्या क्यू बागेच्या सावलीतून बाहेर पडावा, असं वाटणाऱ्या बाईंना तो निर्णय फार लागला होता. ‘नेहरूंनी प्रमुख केलं’ या तीन शब्दांत ही सगळी खंत पुसली जाते.

पद्मश्री १९७७ ची, १९५७ ची नव्हे. वीस वर्षांचा फरक बारीक नाही: त्या तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या.

राहता राहिलं सायलेंट व्हॅली. तिथल्या धरणाविरुद्धचं ते आंदोलन विज्ञानप्रसार करणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेचं, कवयित्री सुगतकुमारींचं, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसादांचं आणि कित्येक शिक्षक-विद्यार्थ्यांचं होतं. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनीही आवाज उठवला. जानकी अम्माल या लढ्यात होत्या, ऐंशी ओलांडल्यावर होत्या, आणि त्यांनी ठरवलेलं काम त्यांच्या शास्त्राला साजेसं होतं: धरणाखाली जाऊ घातलेल्या त्या खोऱ्यातल्या झाडांची गुणसूत्रं तपासून नोंदवायची. मद्रासजवळच्या मदुरवॉयल इथल्या प्रयोगशाळेत ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्या गेल्या, तोवर त्यांचं संशोधन चालूच होतं. धरणाचा प्रकल्प त्याआधीच रद्द झाला होता, आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये त्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.