'पाणी कधी संपत नाही' म्हणे! मग आमच्या बोअरमधून धूळ का आली?

तो मेसेज परत फिरायला लागलाय. या आठवड्यात तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या भावकीचा. ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पृथ्वीवरचं पाणी कमी होत नाही, जलचक्र फिरतच असतं, म्हणून टंचाई हे टँकरवाल्यांचं नाटक. जमिनीखाली नद्या वाहतायत, खोल गेलं की लागतातच. उपसलेलं पाणी वाफ होऊन आपल्याच शिवारात पडतं. आणि समुद्रात गेलेलं पाणी वाया. खाली हात जोडलेले इमोजी.

पहिलं वाक्य खरंय आणि तिथंच गोची आहे. पृथ्वीवरचं एकूण पाणी जवळपास तेवढंच राहतं, पण त्यातलं ९७ टक्के खारं, उरलेल्या गोड्या पाण्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं. आणि चक्र म्हणजे काय एकाच स्पीडने फिरणारा रहाट नाही. हवेत गेलेली वाफ साधारण नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, पण जमिनीत मुरलेलं पाणी वर्षानुवर्षं, कधी कधी हजारो वर्षं आतच असतं. तुम्ही दोन उन्हाळ्यात उपसलं ते भरायला किती पावसाळे लागतील याचा हिशोब मेसेजमध्ये कुठंय?

आता जमिनीखालच्या नद्या. यावर जरा सविस्तर बोलतो कारण या एका समजुतीपायी आमच्या माणदेशात लोकांनी दागिने मोडलेत. चुनखडीच्या प्रदेशात गुहांमधून खरंच पाणी वाहतं, ते खोटं नाही. पण आपल्याखाली आहे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. वर माती, मग मुरूम, मग कुठं मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा ठिसूळ खडक), कुठं गेरू (दोन थरांमधली लाल माती), कुठं काळा कातळ. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्याच्या झिजलेल्या भागात आणि कातळाच्या भेगांत. खोल जावं तशा भेगा साधारणपणे कमी होतात आणि आवळत जातात. म्हणजे आमच्या आज्यानं खोदलेली पन्नास फुटी विहीर जिथं होती तीच खरी पाण्याची जागा होती, आम्ही मात्र पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला म्हणून ७२० फूट गेलो आणि शेवटच्या चारशे फुटांत नुसती पांढरी धूळ.

बरं, लागलं तरी किती? असल्या खडकातून उपसता येणारं पाणी आकारमानाच्या एक ते तीन टक्के. दोन धरा. एका हेक्टरखालची पाणीपातळी एक मीटर खाली गेली म्हणजे मिळालं २ लाख लिटर. उसाला वर्षाला हेक्टरी २ कोटी लिटरच्या आसपास लागतं. आता मुरतं किती बघा: ५०० मिमी पाऊस, त्यातला दहा टक्के मुरला तर हेक्टरी ५ लाख लिटर. म्हणजे एका हेक्टर उसाला चाळीस हेक्टरचं मुरलेलं पाणी. पाऊस थेट पिकाला मिळतो, दिलेल्यातलं थोडं परत मुरतं, हे सगळं धरून निम्मं केलं तरी वीस. ते बाकीचे एकोणीस हेक्टर कुणाचे, तर शेजाऱ्यांचे. शिवाय वरचा पाण्याचा थर केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप) टाकून नीट बंद केला नाही की तेच पाणी बोअरमधून खाली उतरतं, आणि लोक म्हणतात 'खाली झरा लागला'. झरा कसला, बांधापलीकडची विहीर रिकामी होत असते.

तिसरा मुद्दा, आपलीच वाफ आपल्यावर. वाफेला सातबारा कळत नाही हो. वाऱ्याबरोबर ती शेकडो किलोमीटर जाते. स्थानिक ओलाव्याचा पावसाला काहीच उपयोग नाही असं नाही, पण मोसमी पावसाची मुख्य वाफ येते समुद्रावरून. आणि ती कुठं पडणार हे डोंगर ठरवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. हवा घाट चढताना गार होते, पाणी तिथंच टाकते, आणि इकडं उतरताना तापून कोरडी होते. आम्ही लहानपणापासून ढग बघतोय, डोक्यावरून जातात.

राहिला समुद्र. हा मुद्दा तर मेसेजच्या पहिल्याच मुद्द्याला खोटं पाडतो, चक्र फिरतं म्हणता आणि समुद्राला मिळालेलं वाया म्हणता, एक काहीतरी ठरवा की. जगातलं साधारण ८५ टक्के बाष्पीभवन समुद्रावरून होतं. नदी गाळ नेते, खाडीतली मासळी त्यावर जगते, नदीचं पाणी आटलं की खारं पाणी आत शिरतं. गावात पडलेला पाऊस गावात मुरवा, बांध घाला, सगळं करा, हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद ठेवून आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून ते करून दाखवलंय. पण तिथं आधी किती मुरलं ते मोजतात आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात.

भावकीच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलं. एका चुलत्यांचा रिप्लाय आला, 'बाळा, आठशेला लागलं असतं.'